आपला पैसा कुठे जातो? जबाबदार गुंतवणुकीविषयी थोडे



मागच्या महिन्यात आमच्याकडे तंबाखूमुक्त शाळेचा कार्यक्रम झाला. शपथ झाली, फलक लागले, फाटकापासून शंभर यार्ड मोजून रस्त्यावर पिवळी रेघ ओढली. फोटो काढून वर पाठवले. दुसऱ्या दिवशी बारावीच्या अर्थशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"सर, तुमची एलआयसीची पॉलिसी आहे का?"

मला वाटलं, याच्या घरात कोणी एजंट असेल. म्हटलं, आहे की, दोन आहेत.

"मग सर, तुमचे पैसे सिगारेटच्या कंपनीत आहेत."

वर्ग हसला. मीही हसलो, पण तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बसून मोबाइलवर शोधलं. पोरगा बरोबर होता. आयटीसी ही देशातली सगळ्यात मोठी सिगारेट कंपनी. तिच्यात एलआयसीचा वाटा वर्षानुवर्षे १५ टक्क्यांच्या आसपास आहे. काल ज्या हाताने मी मुलांकडून शपथ म्हणून घेतली, त्याच हाताने इतकी वर्षं हप्ते भरतोय. आपल्या देशात तंबाखूमुळे वर्षाला १३ लाखांहून जास्त माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा मी स्वतः फलकावर लिहिला होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे आणि त्यावरच हा लेख आहे. माणसांनी आपला पैसा विचार करून गुंतवला, वाईट धंद्यात घालायचा नाही असं ठरवलं, तर अर्थव्यवस्था जास्त नैतिक होईल का?

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण परीक्षेत मुलं इथे हमखास घोटाळा करतात. कंपनीने नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करणे म्हणजे सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यासाठी खर्च करावी लागते. सामाजिक जबाबदारीची गुंतवणूक ही वेगळी गोष्ट. इथे प्रश्न कंपनीला नसून पैसे देणाऱ्याला असतो: मी कुणाच्या धंद्यात पैसा घालतो? नफा कसा वाटला ते सीएसआरमध्ये येतं, तो मिळवला कसा ते इथे.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांनी १७५८ साली गुलामांच्या व्यापारात भाग घेणाऱ्या आपल्या सभासदांविरुद्ध पाऊल उचललं. १९७१ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, युद्धसामग्रीत पैसा न घालणारा 'पॅक्स वर्ल्ड' नावाचा म्युच्युअल फंड तिथेच निघाला. आणि आपल्याकडे? आपल्याकडे स्वदेशी होती. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैशापैशातून कारखाना उभा राहिला. ती देणगी होती, शेअर नव्हता, हे मान्य. पण 'माझा पैसा कुठल्या कामाला लागावा हे मी ठरवणार' हा विचार तोच.

स्वदेशीची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. १९१० साली टाटांची वीज कंपनी निघाली तेव्हा भांडवल इथल्याच संस्थानिकांनी आणि धनिकांनी दिलं. परकीय पैशाशिवाय एवढा मोठा उद्योग! देणाऱ्याला अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट होती. त्याच मालिकेतलं पुढचं धरण मुळशीला आलं, आणि १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांना जमिनी वाचवण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. सेनापती बापट हे नाव त्याच लढ्याने आपल्याला दिलं. धरण झालंच. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, पैसे घालणाऱ्यांच्या मनात देशाचं भलंच होतं. जमीन ज्याची बुडणार होती त्याला मात्र कोणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता बाजाराचं गणित बघू. समजा, मला आयटीसीचे शेअर नकोत म्हणून मी विकले. कंपनीचं काय बिघडलं? तुम्ही तुमची जुनी मोटारसायकल शेजाऱ्याला विकलीत तर ती बनवणाऱ्या कंपनीचा एक रुपया तरी कमी-जास्त होतो का? शेअरचंही तसंच. कंपनीला पैसा मिळतो तो पहिल्यांदा, शेअर नवा काढते तेव्हा. नंतर आपण आपापसात देवाणघेवाण करतो. मी विकला म्हणजे दुसऱ्याने घेतला. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या आयटीसीच्या सगळ्यात मोठ्या भागधारकाने आपल्याकडचे साडेतीन टक्के शेअर विकले, किंमत सुमारे १७,५०० कोटी रुपये. (त्यांनी नैतिकतेपोटी विकले नव्हते, त्यांना पैसे हवे होते.) एवढा मोठा ढीग एका दिवसात खपला. घेणारे रांगेत होते. त्या दिवशी सिगारेटचं एक पाकीटही कमी बनलं नसेल.

"मग सर, विकून उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न त्याच मुलाचा. त्याला मी दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगितली.

वर्णद्वेषी राजवटीच्या काळात अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलांनी मागणी केली की, विद्यापीठाच्या निधीतून दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर काढून टाका. लिऑन सुलिव्हन हे फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. ते १९७१ मध्ये जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर गेले. १९७७ मध्ये त्यांनी तिथे काम करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांसाठी नियम तयार केले: गोऱ्या-काळ्यांना एकत्र जेवणघर, समान कामाला समान पगार, असे. दहा वर्षं वाट पाहून १९८७ मध्ये त्यांनीच सांगितलं की एवढ्याने भागत नाही, कंपन्यांनी तिथून निघावं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. स्वतःच्या नावाने ओळखले जाणारे नियम अपुरे पडले, हे स्वतःच्या तोंडाने सांगणारे फार थोडे असतात.

या शेअर-विक्रीचा परिणाम पुढे अभ्यासकांनी मोजला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात शेअरच्या किमतींवर म्हणावा असा परिणाम सापडला नाही. दणका बसला तो दुसरीकडून. १९८५ च्या जुलैमध्ये चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेला दिलेली अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला. मग इतर बँकाही मागे हटल्या. चलन घसरलं, तिथला शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, कर्जफेड थांबवावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून निर्बंधांचा कायदा केला. बँकेने हे मुख्यतः धोका बघून केलं, पुण्यासाठी नाही. पण धोका वाढला का? आतल्या लोकांचा लढा पेटला होता, आणि बाहेर इतकी वर्षं मुलं, चर्च, कामगार संघटना बोंब मारत होत्या. शेअर विकल्याने किंमत हलली नसेल, पण विषय घराघरात गेला. आणि कर्ज थांबलं की खरंच दुखतं, कारण तो नवा पैसा असतो.

आता आपल्या देशातली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओडिशातला नियमगिरी डोंगर. तिथे डोंगरिया कोंध आदिवासी राहतात, डोंगर त्यांचा देव. डोंगरात बॉक्साइट. पायथ्याला लांजीगढमध्ये वेदान्त कंपनीने ॲल्युमिना शुद्धीकरणाचा कारखाना उभारला आणि वरच्या खाणीची परवानगी मागितली. मूळ कंपनी लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली. २००७ मध्ये नॉर्वे सरकारच्या पेन्शन निधीने पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या कारणावरून वेदान्तचं नाव आपल्या यादीतून काढलं. नॉर्वेचा हा निधी तेलाच्या पैशातून उभा राहिलेला आहे, हाही एक गमतीचा भाग. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपले शेअर विकले. लंडनच्या वार्षिक सभेत निदर्शनं व्हायची, प्रश्न विचारायला म्हणून काही जण मुद्दाम थोडे शेअर घेऊन आत जायचे.

या विक्रीने कंपनी बुडाली नाही. पण कालाहंडीतला एक डोंगर लंडनच्या वर्तमानपत्रांत आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणीसाठी वनजमिनीची मंजुरी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितलं की, वनहक्क कायद्याप्रमाणे तिथल्या ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात डोंगरावरच्या बारा गावांत ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा सभांनी 'नको' म्हटलं. खाण झाली नाही.

इथे मुळशी आठवा. नव्वद वर्षांचं अंतर, दोन्हीकडे डोंगरातली साधी माणसं, दोन्हीकडे बाहेरचं भांडवल. फरक एवढाच की एका ठिकाणी विचारलं गेलं आणि एका ठिकाणी नाही. तो फरक कुठल्या फंड मॅनेजरने आणला नाही. २००६ च्या कायद्याने आणला, आणि तो कायदा मिळवण्यासाठी खपलेल्या माणसांनी आणला.

म्हणून माझं मत असं झालंय: गुंतवणूकदाराने नुसतं चांगलं निवडून अर्थव्यवस्था नैतिक होत नाही. ज्याचं नुकसान होणार त्याला 'नको' म्हणायचा हक्क कायद्याने दिला, तर होते. गुंतवणूकदाराने मालक म्हणून प्रश्न विचारले तर त्या हक्काला बळ मिळतं. शेअर विकून हात धुवून मोकळं होणं ही त्यातली सगळ्यात सोपी आणि बहुतेक वेळा सगळ्यात लंगडी पायरी आहे. नियमगिरीचीच पुढची गोष्ट बघा. २०१८ मध्ये मूळ कंपनीच्या प्रवर्तकांनी बाहेरच्या भागधारकांकडचे शेअर घेऊन ती लंडनच्या बाजारातून काढली. आता तिथे वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारणारा बाहेरचा भागधारकच उरला नाही. सगळे भले लोक निघून गेले की सभागृहात कोण उरतं?

तुम्ही म्हणाल, आता तर यासाठी खास फंड निघालेत. हो, 'ईएसजी' नावाचे: पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात पाणी, वीज, कचरा, कामगार, अपघात, सगळं भरावं लागतं. चांगलं पाऊल आहे, मी टर उडवत नाही. पूर्वी ही माहिती मागूनही मिळत नव्हती.

पण गुण कसे देतात ते बघा. आयटीसीला एमएससीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून 'एए' असा वरचा दर्जा मिळालेला आहे. कंपनी जेवढं पाणी वापरते त्याहून जास्त जिरवते, झाडं लावते, कारभार नीट ठेवते, म्हणून. हे खोटं नाही. आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या दप्तरात त्याच कंपनीची क्लासमेट वही आहे, घरी डब्यात आशीर्वाद आटा आहे. म्हणजे कंपनी कशी चालते याला गुण उत्तम, कंपनी काय विकते हा प्रश्न त्यातलाच एक छोटा रकाना. आपल्याकडेही असं होतं ना? अक्षर सुंदर, समास आखलेला, शीर्षक लाल शाईने, आणि उत्तर चुकलेलं. काही परीक्षक गुण देतात. या विषयावर स्टाफरूममध्ये माझं भांडण झालेलं आहे, पण ते असो.

दुसरीकडे त्याच नॉर्वेच्या निधीने तंबाखू कंपन्यांना २०१० मध्ये सरसकट बाहेर ठेवलं. एकाने गुण दिले, एकाने दार लावलं. दोघंही स्वतःला जबाबदार म्हणवतात. तेव्हा 'जबाबदार' हा शब्द दिसला की आधी विचारायचं: कशाबद्दल?

आता माझ्याच घरचं. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेले आम्ही शिक्षक. जुनी पेन्शन आम्हाला नाही. दर महिन्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात होते, सरकार आपला वाटा टाकतं, आणि त्यातला काही भाग शेअर बाजारात जातो. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही संपावर होतो, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत रस्त्यावर उतरलो. त्या सगळ्या दिवसांत पैसा बाजारात का, परतावा किती, म्हातारपणी हातात काय येणार, एवढंच बोललो. तो पैसा कुठल्या कंपनीत जातो हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. आणि खरं सांगू? तंबाखूची कंपनी वगळली आणि माझी पेन्शन पाचशे रुपयांनी कमी झाली, तर मी खूश राहीन का? मला माहीत नाही. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या माणसाला नैतिकता शिकवणं सोपं नसतं, तो माणूस आपण स्वतः असलो तर त्याहून नाही.

सहकारी म्हणतात, पॉलिसी सरेंडर कर ना मग. केली तर नुकसान माझं, आणि आयटीसीला पत्ताही लागणार नाही. उलट, माझ्याकडे मालकाचा जो एक बारीक धागा आहे तोही तुटेल. एलआयसीमध्ये सरकारचा वाटा ९६ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे मी विमेदार म्हणूनही आत आहे आणि नागरिक म्हणूनही. २००४ मध्ये भारत सरकारने तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराला मान्यता दिली. तेच सरकार पाकिटावर रोगट तोंडाचं चित्र छापायला लावतं आणि त्याच्याच विमा कंपनीला त्या पाकिटावर लाभांश मिळतो. हा मुद्दा घेऊन २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या महाराष्ट्राच्या एका माजी मंत्र्यांच्या पत्नी होत्या. त्यांनी शेअर विकले नाहीत, प्रश्न विचारला. मला हा मार्ग जास्त पटतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. एलआयसीने शेअर विकायचेच ठरवले तर घेणार कोण? कदाचित परदेशी कंपनी, जिला भारतात सिगारेट आणखी खपवायचीय. सरकारी संस्थांचा मोठा वाटा आहे म्हणूनच विदेशी भागधारकाला इतकी वर्षं आयटीसीवर पूर्ण ताबा मिळवता आला नाही, हा इतिहास आहे. हे खरं असेल तर त्या वाट्याचा उपयोग व्हायला हवा. १५ टक्के मालकाने वार्षिक सभेत काय विचारलं? पोरांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींबद्दल? सिगारेटवरचा भर किती वर्षांत कमी करणार याबद्दल? ठरावांवर मत कसं दिलं? म्युच्युअल फंडांना आपलं मतदान जाहीर करावं लागतं. मग विमेदाराला हे का कळू नये?

परवाच्या तासाला मी धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला लावला. पहिल्या मसुद्यात सगळ्यांनी 'तुम्ही सिगारेट कंपनीत पैसे का गुंतवता?' असंच लिहिलं. समजावून सांगावं लागलं की 'का' विचारलं तर उत्तर मिळत नाही, हा कायदा कागद देतो, कारणं देत नाही. मग मुलांनी वाक्यं बदलली. एक, गुंतवणूक आणि मतदानविषयक धोरणाची प्रत मिळावी. दोन, मागील तीन वर्षांत आयटीसीच्या वार्षिक सभांमध्ये प्रत्येक ठरावावर महामंडळाने कसे मत दिले याची नोंद मिळावी. तीन, तंबाखू उत्पादक कंपन्यांतील गुंतवणुकीबाबत काही अंतर्गत निर्देश असल्यास त्यांची प्रत मिळावी.

हा मसुदा त्या मागच्या बाकावरच्या मुलाने क्लासमेटच्या वहीत उतरवून घेतला. तो लहान असल्याने सही माझी आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज मुंबईला नरिमन पॉइंटच्या 'योगक्षेम' इमारतीत पाठवलाय. व्यावसायिक गोपनीयतेचं कारण देऊन काही प्रश्न नाकारतील, अशी तयारी आहे. मग अपील कसं करायचं, हा पुढचा तास. तीस दिवसांची मुदत आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.